सफरचंदापुरता चाकू

प्रिय विसरभोळ्या बाई,

तुझं चार पानी पत्र पोचलं. आजीला वाचता येत नाही एवढं सोडून तुला बाकी सगळं आठवत होतं, याचं कौतुक वाटलं. पण तुझं नवल ते काय करायचं? गेल्या खेपेला निघताना स्वतःची पिशवी इथे ठेवून माझी घेऊन गेलीस, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तुझं गाव बघून परत आल्या. तुझ्या बाबाने पत्र वाचून दाखवलं. मध्ये दोनदा चष्मा पुसला. काचा स्वच्छच होत्या.

आता हे कोण लिहितंय म्हणशील, तर खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःचा शहाणपणा घालायचा नाही, असं ठरलं आहे. 'शहाणपणा' लिहिताना तिने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. तेही लिही म्हटलं, तर मुकाट्याने लिहिलं. घरी मी सांगून आलेय की स्वेटरची बाही उसवली आहे. खोटं नाही ते. सकाळी मीच उसवली.

फोन का केला नाही, हेही विचारशील. मला नीट ऐकू येत नाही म्हणून तुझा बाबा फोन स्पीकरवर लावतो. मग आपलं गुपित जिन्यापर्यंत जातं आणि वरच्या मजल्यावरचे लोक तुला काय उत्तर द्यायचं ते मला सुचवतात.

तर तुझा चाकू. नाटकाच्या पडद्यामागे तुला दिवसभर दोऱ्या कापाव्या लागतात, चिकटपट्ट्या तोडाव्या लागतात, खोकी फोडावी लागतात, आणि दर वेळी कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. दुकानात भिंतभर चाकू टांगलेत, त्यातला खिशात रोज ठेवायला चांगला कुठला, असं तू विचारलंस. मी चाकू विकत घेतलेला नाही जन्मात. पण तुझे आजोबा घेताना मी शेजारी उभी होते आणि नंतर संसारभर त्याचं गुणगान ऐकलं, तेव्हा एवढं सांगू शकते.

पातं तुझ्या तळहाताच्या रुंदीएवढं पुरे. लांब पातं घेणाऱ्याला कापायचं काही नसतं, नुसतं दाखवायचं असतं, असं ते म्हणायचे. पातं उघडलं की खटका बसल्याचा आवाज यायला हवा. मग धारेला हात न लावता पात्याच्या पाठीवर दाबून बघ. जरा जरी मिटायला लागलं तरी ठेवून दे, तो चाकू नव्हे, बोटांचा सापळा. एका हाताने उघडता आणि मिटता आला पाहिजे. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, तिथे एक हात कायम कशाला तरी धरलेला. तूही शिडीवर असतेस, तुझंही तेच. खिसा ओढला जाईल इतका जड घेऊ नकोस, चार दिवसांनी घरी ठेवशील, आणि घरी राहिलेला चाकू असून नसून सारखाच. मूठ ओल्या हाताने धरून बघ. दुकानदार काही पाणी आणून देणार नाही, म्हणून ते सरळ तळहातावर थुंकले होते. दुकानदाराने तोंड फिरवलं, आणि मी दुसऱ्याच कुणाबरोबर आलेय असं दाखवत टाचण्यांची डबी बघत राहिले.

आणि पोलाद. त्यांच्या चाकूचं पोलाद काळं पडणारं होतं. धार भारी, पण वापरला की पुसायचा, पुसला की तेलाचं बोट फिरवायचं. तसलं तू घेऊ नकोस. तू पुसायला विसरशील आणि तो गंजेल. तुला माफ करणारं पोलाद पाहिजे. चाकूला खिशाच्या काठाला अडकवायची क्लिपही असू दे, म्हणजे खुर्चीच्या फटीत राहणार नाही. आणि तुमच्याकडे केवढं पातं खिशात चालतं ते आधी विचार, नाहीतर नाटकाऐवजी चौकीत जाशील.

झालं चाकूचं. शिंपीणबाई म्हणते, मग आता सही करू का? थांब म्हटलं.

इकडे सगळं ठीक आहे. खरंच ठीक आहे. मी उठते, दात घासते, खिडकीपाशी बसते. समोरच्या इमारतीला रंग देतायत, पाळण्यात बसून दोघं जण खाली येतात, वर जातात. ते बघते. आजोबा गेल्यापासून मी रडलेले नाही. घरातले सगळे त्याची वाट बघतायत, जशी उशिरा येणाऱ्या पाहुण्याची बघावी. कुणी मला मिठी मारली की मीच त्यांच्या पाठीवर थोपटते. पाय मुडपून बसल्यावर त्याला मुंग्या येतात ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा पाय वाटतो, तसं आहे. दुखत नाही. आपलंही वाटत नाही.

दुपारचं जेवण झालं की आजोबा सफरचंद कापायचे, तुला आठवत असेल. आठवत नसेल तर आठव. चाकू गरम पाण्याने धुवायचा, सदऱ्याला पुसायचा, मी ओरडायची, मग रुमालाला पुसायचा. साल एकसंध निघाली पाहिजे, तुटली तर दिवसभर तोंड एवढंसं. मग पातळ फोड पात्यावर आडवी ठेवून माझ्यापुढे करायचे. टोकाला टोचून कधी नाही. माझे दात गेले तशा फोडी पातळ होत गेल्या. शेवटी शेवटी तर फोडीतून खिडकी दिसायची.

आता तुझ्या बाबाचं ऐक. आजोबांना पोचवून आल्यावर त्याने त्यांचं कपाट एका सकाळी रिकामं केलं. आईला रोज ते कपडे बघायला नकोत, म्हणून. चांगल्या मनाने केलं. मी याच खुर्चीवर बसले होते, म्हणजे वरच्या, आमच्या घरातल्या. जुने कपडे नेणारी गाडी खाली थांबली होती. तो कामाचा राखाडी कोट गाठोड्यात वर होता, त्याची एक बाजू लोंबत होती. दारातून नेताना ती चौकटीवर आपटली आणि टक् वाजलं. आतल्या खिशात चाकू होता. माझ्या कानांना फोन ऐकू येत नाही, पण ते ऐकू आलं. उठावं, थांबवावं, असं काही झालं नाही. रंगवाल्यांचा पाळणा बघते तशी गाठोडं जाताना बघत राहिले. गाडी सुरू झाली, गेली. दुसऱ्या दिवशी ही शिंपीणबाई त्या लोकांकडे जाऊन आली. कोट केव्हाच पुढे गेला होता.

तुझ्या बाबाला यातलं काही ठाऊक नाही. चाकू माझ्या उशीखाली आहे असं तो धरून चालला आहे आणि मी ते खोडून काढलेलं नाही. तो काही दिवसांनी माझ्यासमोर बशी आणि सफरचंद घेऊन बसला. म्हणाला, "आई, बाबांचा चाकू दे गं. मी कापून देतो." मी म्हटलं, "आज नको, भूक नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, आपली सुरी घे स्वयंपाकघरातली. तर म्हणाला, "तिने नको. बाबांच्याच चाकूने." बापाचा हट्ट बरोबर उचलला आहे, पगार तेवढा उचलला नाही. तेव्हापासून रोज दुपारी तो बशी मांडतो आणि रोज मला भूक नसते. सफरचंद संध्याकाळपर्यंत तसंच अख्खं पडून राहतं. मग त्याने डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, दुःखाने अन्नावरची वासना उडते. मी मान हलवली. वासना उडालेली नाही गं. मला ते सफरचंद हवं असतं. एवढं एकच काहीतरी हवंसं वाटतं दिवसात, आणि ते मागितलं तर त्याला कळेल की बापाचा चाकू त्याने स्वतःच्या हाताने घालवला. तो आधीच रात्रीचा उठून रिकामं कपाट उघडतो. त्याच्यावर हे घालायची माझ्यात ताकद नाही.

म्हणून हे पत्र. तू चाकू घे, सांगितलाय तसा, पण पातं पातळ बघ, सफरचंदाला चालेल असं. पहिल्यांदा सफरचंदच काप त्याने, मग दोऱ्या. आणि सुट्टी काढून ये. दुपारी तुझा बाबा बशी घेऊन बसला की तू खिशातून काढ, एका हाताने, टक् करून, आणि म्हण, बाबा, आता माझी पाळी. आजोबांचा असू दे आजीकडे. तुला तो नाही म्हणणार नाही, तुला नाही म्हणायला तो शिकलेलाच नाही. मग मी खाईन. साल तुटली तरी खाईन. कदाचित तेव्हा रडेनही, सगळ्यांची सोय होईल. या पत्राला उत्तर मात्र लिहू नकोस, तुझी पत्रं तोच वाचतो. येणार असशील तर आधी नुसती सफरचंदं पाठव, मी समजेन. लहान, घट्ट, जरा आंबट बघून घे, बिस्किटांचे डबे नकोत, आणि कापून डब्यात भरून पाठवायचा शहाणपणा करू नकोस. अख्खी पाठव.

तुझीच,
खिडकीतली आजी