ब्रेक उशिरा लागतो

३ मार्च, सोमवार

आज थोडक्यात वाचलो! शाळेच्या फाटकापाशी ब्रेक दाबला — आणि गाडी थांबेचना. थांबली ती समोरच्या सायकलवाल्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. तो वळून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागच्या सीटवर नात. "आजोबा, आपण त्यांना धडकलो?" नाही गं बाई, म्हटलं.

सतरा वर्षांची गाडी. कुरकुरणारच. पण ब्रेक!

४ मार्च

मिस्त्रीकडे नेली. त्याने गल्लीत एक चक्कर मारली, कचकन थांबवून दाखवली. "काका, ब्रेक झकास आहे. उगाच खर्चात पडू नका." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा मिस्त्री पहिल्यांदाच पाहिला. त्याचं काय जातंय? त्याच्या मागे माझी नात बसलेली नसते!

६ मार्च

पुन्हा तेच. या वेळी उतारावर. हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. घरी कुणाला बोललो नाही.

बोलून करणार काय? मुलीची ड्यूटी सातला सुरू होते, शाळा आठला. शाळेची बस आमच्या बाजूला येत नाही. नवी गाडी म्हणजे तिच्या एकटीच्या पगाराला आणखी एक भगदाड. पोरीला मीच सोडायचं आणि याच गाडीतून सोडायचं.

७ मार्च

ठरलं. ब्रेकचे पॅड मीच बदलणार. तरुणपणी अख्खी स्कूटर उघडून परत जोडलीय — एक नट उरला होता, पण चालली!

सामानासाठी माझी साखरेची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलली. डॉक्टर कुठे पळून जातायत? बायको ऐकल्यापासून धुसफुसतेय.

८ मार्च

पुढचे पॅड बदलले. जुने काढून पाहिले तर निम्मेही झिजले नव्हते. तरी नवेच बसवले. मग नवं ब्रेक ऑइल भरून नळ्यांतली हवा काढायला हिला पेडलवर बसवलं आणि मी चाकापाशी, स्क्रूवर पाना लावून. "दाब! धर! सोड!" शेजारी गॅलरीत येऊन बघत होते. ही म्हणाली, "संसारात इतकं ओरडून कधी सांगितलं नाहीत." दोघंही हसलो. पुढची दोन्ही चाकं झाली. मागची राहिली, अंधार पडला.

१० मार्च

जिन्यात कुठेतरी एक चप्पल निसटली. गाडीपर्यंत तसाच गेलो. नात खिदळत सुटली, "आजोबा, एकच चप्पल!" डोक्यात सतत ब्रेकच, दुसरं काय होणार.

आणि सिग्नलला — पुन्हा उशिरा! नवे पॅड, नवं ऑइल, तरी! पोरगी मागे गाणं म्हणत होती. तिच्यावर खेकसलो. शाळेपर्यंत मुसमुसत राहिली. माझंच मेल्याचं चुकलं.

१२ मार्च

भीती वाटते. सरळ लिहून टाकतो. सकाळी किल्ली घेऊन जिन्यातच रेंगाळतो. सायकलच्या वेगाने नेतो, मागचे हॉर्न वाजवून वाजवून बेजार. मिस्त्रीला परत विचारलं. "काका, गाडी विसरा आणि थोडी विश्रांती घ्या." म्हणे विश्रांती!

मागच्या चाकांत नक्की हवा असणार. तीच असणार.

१५ मार्च, शनिवार

मागच्या चाकांना हात घातला. कमरेत उसण भरलेली, चाकापाशी बसवेना. म्हणून अदलाबदल — पाना हिच्या हातात, पेडलवर मी.

"दाबा!"

"दाबलंय."

"अहो, दाबा ना! ऑइलचा थेंब येत नाहीये इथे."

"दाबलंय म्हणतो ना!"

मग मान खाली घालून पाहिलं. पाय पेडलवर नव्हताच. शेजारी होता, खाली मॅटवर. जीव खाऊन दाबत होतो, आणि पायाला फरक कळत नव्हता.

ही उठून खिडकीशी आली. "काय बिघडलंय?"

गाडीचं काही नाही, म्हटलं. आणि किल्ली हिच्या हातात दिली.