आवाज इकडून कमी केलाय

३ जानेवारी २००९, शनि.
अशूनं मला न विचारता पुण्याला ईमेल केली. तिथं दोन बायका खासगी समुपदेशन करतात. तेही इंटरनेटवरून, कॅमेऱ्यासमोर बसवून. त्यांचं म्हणणं, काही माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते, तो रोग नव्हे. त्याला शब्द आहे म्हणे, न्यूरोडायव्हर्सिटी. माझ्याकडच्या दोन्ही डिक्शनऱ्या काढल्या. नाही. जो शब्द डिक्शनरीत नाही त्याची फी घेतात!
म्हटलं, "बापाला विचारायचं नाही?"
अशू म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग विचारून उपयोग काय?"
तेवीस वर्षांची घोडी. बी.कॉम. बोलताना बघणार माझ्या खांद्याकडं.

४ जाने.
सौ. म्हणते, करू दे की. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरनं काय दिवे लावले? त्यानं सांगितलं होतं, लग्न झालं की सुधारेल. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. तीन ठिकाणी दाखवून झाली. पहिल्यांनी कळवतो म्हणून कळवलंच नाही. दुसऱ्या मुलाला ही म्हणाली, तुमच्या तोंडाला वास येतोय. तिसऱ्या वेळी पाहुणे बसलेले असताना मधेच उठून आत गेली. कारण काय, तर फॅन खटखट करतोय. मी नंतर स्टुलावर चढून फॅन उघडला. आतला बुश झिजला होता, हे खरं. पण म्हणून उठायचं?
ठीक आहे. करायचंच तर नीट करू. वेबकॅम आणला. बसवायला माणूस पाठवतो म्हणाला दुकानदार. म्हटलं, राहू दे. दहावीनंतर कुणाकडं काही शिकलो नाही, तरी आज गूळ मार्केटातले निम्मे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे मी माझ्या दुकानात दुरुस्त करतो. वायर जोडायला माणूस लागत नाही मला.

१० जाने., शनि.
पहिली बैठक. डोकं अजून तापलेलं आहे, क्रमानं लिहितो.
माझी थोरली बहीण आक्का सकाळीच गडमुडशिंगीहून हजर. कुणी बोलावलं होतं? सौ.नं फोनवर सांगितलं, पुण्याच्या बाई अशूला बघणार आहेत. झालं! आक्कानं अशूला मोरपंखी साडी नेसवली, गजरा माळला. पोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर! म्हटलं, "आक्का, त्या पुण्यात हायेत, पोहे खाणार कशा?"
"असू दे रं बाळ्या. दिसाय तरी दिसतंय. घर कसं हाय कळतंय माणसाला."
मग आम्ही चौघं ओळीनं बसलो. मी, सौ., आक्का, मधे अशू. ट्यूबचा उजेड बरोबर तोंडावर येईल असं टेबल मी आदल्या दिवशीच फिरवून ठेवलं होतं. चित्र स्वच्छ आलं. पडद्यावर दोघींतल्या एक बाई, चाळिशीच्या, सुती साडी, बोलणं सदाशिव पेठी. म्हणाल्या, "अश्विनी, तुला काय काय आवडतं?"
अशू मांडीकडं बघून एका दमात: "स्वयंपाक सगळा येतो. भरतकाम येतं. बी.कॉम. सेकंड क्लास. मोठ्यांचा मान ठेवते. घरात मिळून मिसळून राहते."
आक्का माझ्या कानात, "झकास!"
बाई गप्प. मला वाटलं लाइन अडकली, वायर हलवून बघितली. अडकली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?"
"आत्यानं. आज चौथ्यांदा म्हणतेय. भरतकाम मला येत नाही."
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या वेळी अश्विनी एकटी बसेल, दार लावून.
म्हणजे घर माझं, कॅमेरा माझा, भारनियमनात चालतो तो इन्व्हर्टर मी जोडलेला, आणि मीच बाहेर. पोहे आक्कानंच खाल्ले.

१२ जाने.
बाईंना फोन लावला. सरळ विचारलं, "बरी व्हायला किती दिवस लागतील?"
"बरं करण्यासारखं काही नाही, काका. ती कशी आहे हे तिला समजून घ्यायचंय. तुम्हालाही."
काका! पाच-सहा वर्षांनी लहान असेल माझ्यापेक्षा. म्हटलं, "मी तिचा बाप आहे. ती कशी आहे ते मला ठाऊक आहे."
"मग सांगा, कुठल्या आवाजाचा तिला सगळ्यात जास्त त्रास होतो?"
"कुकरचा. शिट्टी झाली की कान झाकते."
"तिला एकदा विचारून बघा."
फोन ठेवला. विचारलं नाही. मी का विचारू? कुकर सगळ्या घराला दिसतो.

१७ जाने., शनि.
दार लावून बैठक. मी बाहेर सोप्यात दुकानातला एक काटा उघडून बसलो होतो. मधेच लाइट गेली. उठून इन्व्हर्टरचा मीटर बघत उभा राहिलो, फॅन आणि टीव्ही बंद केले, म्हणजे आतलं बोलणं तुटू नये. आणि आतून अशूच्या हसण्याचा आवाज. मोठ्यानं. शेवटची कधी हसली होती असं, आठवेना. सौ. पदर तोंडाला लावून उभी.
सौ.ला बरं वाटलं असेल. मला राग आला. कोण ती बाई? शंभर कोसांवरनं येते आणि माझ्या पोरीला हसवून जाते.

२० जाने.
आक्कानं कुरुंदवाडचं स्थळ आणलं. मुलाचं खत-बियाणांचं दुकान, शेती आहे, माणसं चांगली. १ मार्चला रविवार आहे, त्या दिवशी बघायला येणार.
आक्काची अट, "पुण्याच्या बाईचं एक अक्षर बाहेर काढायचं न्हाय. आणि पोरीला म्हणावं, शिकवलंय तेवढंच बोल. एकदा मंगळसूत्र गळ्यात पडलं की समदं सरळ हुतंय."
म्हटलं, "आणि नाही झालं तर?"
"त्यांच्या घरात हुईल न्हवं, आपल्या न्हवं!"
हिच्या हातची भाकरी खाऊन मी वाढलो. स्टँडवर सोडून आलो. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातनं जाईना.

३१ जाने., शनि.
शेवटी विचारलं. बैठक संपवून अशू पाणी प्यायला आली तेव्हा. "तुला कुठला आवाज सगळ्यात जास्त त्रास देतो?"
जराही विचार न करता, "तुमचा."
"माझा?"
"फोनवर बोलता तेव्हा. पाहुण्यांशी बोलता तेव्हा. कुकरची शिट्टी येणार ते आधी कळतं. तुमचा आवाज कधी येणार ते कळत नाही."
अरे, मी काय वेगळा बोलतो? अख्खं कोल्हापूर असंच बोलतं! तालमीपासून भाजी मंडईपर्यंत! मी म्हटलं, "मी कुठं ओरडतो?" आणि तिनं दोन्ही हातांनी कान झाकले.
माझ्यासमोर. कुकर नव्हता, फॅन नव्हता.
जेवलो नाही.

३ फेब्रु.
आज दुकानात मुद्दाम हळू बोलून पाहिलं. समोरचा पानवाला: "अण्णा, घसा बसलाय का? काढा घ्या." एक गुळाचा व्यापारी म्हणाला, "कुणी वारलं का हो घरात?" दुपारपर्यंत तीन जणांनी चौकशी केली. चौथ्यावर ओरडलो, तेव्हा कुठं गिऱ्हाइकांच्या जिवात जीव आला.
ह्या गावात हळू बोलणाऱ्या माणसाला दवाखान्यात नेतील.

१४ फेब्रु., शनि.
आज स्फोट झाला.
बैठक संपल्यावर अशू बाहेर येऊन म्हणाली, "बाईंशी बोलून मला कळलं मी कशी आहे. त्याला ऑटिझम म्हणतात. कुरुंदवाडच्या माणसांना हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर मी बसणार नाही."
आक्का इथंच होती. "आगं ए! सोताच्या हातानं सोताच्या पायावर धोंडा घालतीस व्हय? कोण पत्करंल तुला?"
"ते मला माहीत नाही. म्हणूनच सांगायचंय."
मी म्हटलं, एकदा हे बाहेर पडलं की कुरुंदवाडपासून कागलपर्यंत एक घर उंबरा चढणार नाही. तुला मी जन्मभर सांभाळीन, पण मी गेल्यावर कोण? बोललो ते ओरडूनच बोललो. ती आत गेली नाही. कान झाकून तिथंच उभी राहिली आणि म्हणाली,
"तुम्ही काटा तपासता, तेव्हा तो किती चुकतोय ते गिऱ्हाइकाला सांगता का?"
"पोरगी म्हणजे काटा नव्हे!"
"मी कुठं म्हटलं मी काटा आहे? तुम्ही सांगता का, ते विचारतेय."
टोमणा नव्हता. टोमणा तिला येतच नाही. खरंच विचारत होती. गेल्या वर्षी एका अडत्याला मी दुकानातनं हाकलला होता, काटा वजनात मारतोय हे माहीत असून तो बरोबर असल्याचा शिक्का मागत होता म्हणून. त्या दिवशी ती डबा घेऊन आली होती.


१६ फेब्रु.
पुण्याला फोन. "तुम्ही माझ्या पोरीचं लग्न मोडताय. तिच्या डोक्यात हे तुम्ही भरवलंत."
बाई म्हणाल्या, "मी तिला सांग म्हटलं नाही, सांगू नको म्हटलं नाही. ठरवलं तिनं."
"ती कधी काही ठरवत नाही!"
"मला ईमेल कुणी केली होती, काका?"
पुन्हा काका.

२१ फेब्रु., शनि.
अशूनं आज बैठकीतला अर्धा वेळ पुण्याच्या बाईंकडून माझ्यासाठी मागून घेतला. पण घरात नाही. मला म्हणाली, "कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसा. तिथनं मला कॅमेऱ्यावर बोला."
"अगं, मी इथं तुझ्यासमोर उभा आहे की!"
"म्हणूनच ऐकू येत नाही."
हा काय वेडेपणा! स्वतःच्या पोरीशी बोलायला पैसे भरून बाहेर जायचं? सौ.नं चप्पल आणून पायाशी ठेवली. गेलो.
शेजारच्या खोक्यात कॉलेजची पोरं खिदळत होती. कानाला तो हेडफोन. पडद्यावर आमचीच खोली, आमचंच कॅलेंडर, आणि अशू. प्रथमच तिला समोरून बघत होतो, खांद्याकडं न बघता बोलणारी. माझ्या चित्राकडं बघत होती.
म्हणाली, "तुमचा आवाज इकडून कमी केलाय. आता कितीही ओरडा."
मी ओरडलो. मनसोक्त. आक्कावर, डॉक्टरवर, पुण्यावर, तिच्यावर. पोरं खिदळायची थांबली. कॅफेवाला डोकावून गेला. अशूनं कान झाकले नाहीत. एकदाही नाही. शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली:
"झालं? आता मी. मला लग्न नको असं नाही. मला कोण चालेल ते माहीत नाही, पण पाठ केलेलं बोलून झालेलं लग्न मला रोज पाठ करावं लागेल. तेवढं मला जमणार नाही, मी आजारी पडेन. तुम्ही गेल्यावर कोण, ते मलाही माहीत नाही. भीती मलाही वाटते. कुरुंदवाडला तुम्ही फोन करा. मला फोन जमत नाही. तुम्हाला जमतो."
एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तेवीस वर्षांत.
कॅफेवाल्यानं हेडफोन काढून घेतला तेव्हा कळलं, वेळ कधीच संपला होता.

२५ फेब्रु.
फोन केला नाही. काल केला नाही, परवा केला नाही. उचलतो, ठेवतो. अशू विचारत नाही. एकदा सांगितलं की सांगितलं, ही तिची रीत. रोज सोप्यातनं जाताना फोनकडं एकदा बघते, बस्स.
राग तिच्यावर नाही. मग कुणावर, ते नीट...

२८ फेब्रु., शनि.
आज केला. दुकानातनं, दुपारी. घरातनं नको म्हटलं.
मुलाच्या वडिलांनी उचलला. "बोला की पावणं! उद्या येतोय न्हवं आम्ही!"
मी हळू आवाजात सुरुवात केली. मुलीबद्दल एक गोष्ट सांगायची आहे.
"आं? ऐकू येईना पावणं! हिकडं मळणी यंत्र चालू हाय! जोरात बोला की!"
पुन्हा हळू. "मुलीला ऑटिझम..."
"जोरात, जोरात!"
महिनाभर जे लपवायचं म्हणून आक्का धडपडली, ते मी भर बाजारात, पानवाला, गुळाचे दोन व्यापारी आणि हातगाडीवाला ऐकत असताना बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. घडण वेगळी आहे. आवाज सोसत नाही. खोटं बोलता येत नाही. पाठ केलेलं बोलणार नाही. भरतकाम येत नाही!
पलीकडं यंत्र थांबलं. त्यांनीच बंद करायला सांगितलं असावं. मग, "घरात इचारतो, पावणं. मग कळवतो."
पहिल्यांनीही कळवतो म्हटलं होतं.
फोन ठेवला तर पानवाला पान लावायचा थांबून बघत होता. म्हटलं, काय बघतोस? तो म्हणाला, "काय न्हाय अण्णा. घसा सुटला तुमचा."
आक्काला कळलं. घरी येऊन बोलली नाही, फोनवरच म्हणाली, "माझ्यापुरतं तुझं दार बंद." म्हटलं, बरं.

१ मार्च, रवि.
सकाळ. कुरुंदवाडहून फोन नाही. 'येतो' असंही नाही, 'येत नाही' असंही नाही. माणसांना एक ओळ कळवायला काय होतं? चांगली माणसं म्हणे!
आक्का आली नाही म्हणणार होतो, तर आत्ताच आली. हातात गजरा. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ आत. अशू रोजच्या ड्रेसमध्ये होती. "आत्या, गजऱ्याच्या वासानं माझं डोकं दुखतं." आक्का गजरा हातात धरून उभी. मग तिनं तो स्वतःच्याच अंबाड्यात खोचला. तोंड वाकडं ते वाकडंच.
फॅन मी पुन्हा तपासला. तेल दिलं. आवाज नाही. कुकर आज लावायचा नाही असं सौ.ला सांगितलं.
अशू स्वयंपाकघराच्या दारातनं: "ते आले नाहीत तर एवढे पोहे कोण खाणार?"
"आपण."
"मग माझ्यातले शेंगदाणे काढा."
आक्का आतून ओरडली, "शेंगदाण्याबिगर पोहं असत्यात व्हय?" आणि मग, जरा कमी आवाजात, "...किती काढू?"
सौ. कांदा चिरतेय. अशू माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसलीय, बघतेय माझ्या खांद्याकडं. पेन चालताना आवाज होतो का विचारलं तर म्हणाली, होतो, पण चालेल.
रस्त्यावरनं कुठलीतरी जीप आमच्या दाराकडं वळलेली दिसतेय. बघतो, कुरुंदवाडची आहे का.