कपिलीचा पान्हा

पैनगंगेकाठचं कुरण,
मार्गशीर्ष, सन १९४१

सौ. गोजरबाईस आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? आईचा खोकला? आपल्या द्वारकीचं लेकरू रांगतं का?

इकडं गवत गुडघाभर, पाणी जवळ, तांड्यातली माणसं मायाळू. जनावरं धडधाकट आहेत. फक्त धारेला बसलो की कपिली गाय मला लाथा मारून राहिली. घरी तुझ्याच हाताची सवय ना! अन् तांड्यातला लालसिंग गुणगुणत खाली बसला, की लगेच पान्हा सोडते. आता त्याच्याच मागं फिरते.

काल म्हणला, "काका, गाय तांड्याची झाली!"

मी हसलो. पण भाकर गोड लागली न्हाई.

तुझं नेसतं लुगडं न धुता पाठव. तेच नेसून धार काढीन. लालसिंग हसला तर हसू दे. तुझ्या वासानं गाय आपली राहील.

उत्तर लुगड्यात बांधूनच लवकर धाड.

तुझा,
सोनाजी