खाऱ्या बांगड्यांच्या बरणीची व्यवस्था

मी, शेवंती परशुराम पराडकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर (आधारकार्डावर एकाहत्तर, कार्ड काढणारा मुलगा भला होता), राहणार तोंडवली, तालुका मालवण, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे सांगते. मला अक्षर येत नाही. लिहिते माझी नात तेजस्वी. तिने मधे घातलेली शहाणपणाची वाक्ये मी ऐकून खोडायला लावली आहेत.

१. घर, विहीर व चौदा माड यांत मुलगा सत्यवान व मुलगी रश्मी यांचा निम्मा निम्मा हिस्सा. रश्मीने "माका काय नको" म्हणू नये. नको म्हणणारी माणसे पुढे वीस वर्षे तेच ऐकवतात.

२. पाटल्या सून किशोरीला. तिच्या आईने लग्नात मला विटकी साडी दिली होती, हे मी आजपासून विसरले.

३. चिनीमातीची मोठी बरणी. हिच्यात मी पन्नास वर्षे बांगडे खारवले. एक थर मासळी, एक थर मीठ. पावसाळ्यात अख्खी वाडी पेजेबरोबर माझाच खारा भाजून खायची आणि मी फुगायचे. मग आशाताई सुगंधा दारोदार रक्तदाब मोजत आली. चाळिशीवरच्या एकतीस माणसांपैकी अठरा जणांचा जास्त निघाला. आम्ही देवाला गाऱ्हाणे घातले. सुगंधा म्हणाली, "देवाक कित्याक, बरणीक इचारा." त्यावर आठ वर्षे मी तिला चहा विचारला नाही.

ह्यांचे मीठ डॉक्टरांनी तोडले होते. दोन दिवस अळणी पेजेपुढे रुसून बसले. "गो, एकच तुकडो दी." मी दिला. एकाचा रोजचा झाला. आषाढात उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अकरा महिने भरवले. विडीही कारण होती असे तेजस्वी म्हणते. लिही बाई. पण तुकडा माझ्या हाताने गेला.

बरणीत यापुढे तांदूळ ठेवावेत.

४. सत्यवानाचा वरचा आकडा एकशे ऐंशी. गोळ्या कपाटात. "आये, डोक्या दुखणा नाय, मगे गोळी कित्याक?" बाबा रे, तुझ्या वडिलांचेही दुखत नव्हते. म्हणून अट घालते: त्याने गोळी रोज घ्यावी आणि खारा सणासुदीलाच, बोटभर.

वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकत नाही. कावळ्यापुढे टिकेल. माझ्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवणार नाही, हे आताच सांगून ठेवते. दर्भाचा कावळा करून मोकळे होऊ नये. "म्हातारेचो जीव खंय अडकलो?" असे कोणी विचारील, कोणी बांगड्यात म्हणेल. म्हणू दे. सत्यवानाने पुढे होऊन एवढेच बोलावे, "आये, आजची गोळी घेतलंय." घेतली नसेल तर बोलू नये. मी वाट बघेन.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच आहे, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा.

मु. तोंडवली, दि. १८ मे २०२५

साक्षीदार:
१. गणपत मेथर, शेजारी
२. सुगंधा कुबल, आशा कार्यकर्ती (सहीआधी चहा दिला. दुसरा कपही.)