शेवटचा फर्मा

अण्णा, तीन आठवड्यांपूर्वी मी शिकवते त्या शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि वरच्या वर्गातल्या मुलींसाठी वाचनाची एक यादी करून मागितली. तीस पुस्तकं. "राजकारण हवं, निबंध हवेत, कथा-कादंबऱ्या तर हव्यातच," त्या म्हणाल्या. "नुसतं गोड दिलंत तर मुलींच्या आया खूश होतील, नुसतं कडू दिलंत तर मुली खिडकीतून उड्या टाकतील. तुमचं वाचन चौफेर आहे म्हणतात, तुम्हीच करा." मी होय म्हणाले. इथे सांगलीत माझ्या खोलीवर येऊन तुम्ही बांधून दिलेली वही काढली आणि पहिल्या पानापासून नावं उतरवू लागले. सत्तावन्नाव्या ओळीपाशी हात थांबला. त्या वहीत तेवढी एक ओळ खोटी आहे. ती तशीच पुढे उतरवली तर मुलींची यादीही खोटी होईल, आणि खोडावी तर ती का खोडली हे आधी तुम्हाला सांगायला हवं, असं वाटत राहिलं. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, तरीही.

चौफेर हा शब्द ऐकून मला थोडं हसू आलं. माझं वाचन मी निवडलेलं कधी नव्हतंच. साताऱ्याच्या आपल्या घरात जे बांधायला येईल ते मी वाचत होते. ओसरीवर तुमचं बाइंडिंगचं काम, आत चुलीवर खळ. किडीसाठी खळीत विषारी मोरचूद घालायचा म्हणून आई ते पातेलं वेगळं ठेवायची आणि मी जवळ गेले की म्हणायची, "त्याला हात लावलास तर आज जेवण नाही, सांगून ठेवते." शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला आकडे शिकवले ते फर्म्यांवरून. छापखान्यात सोळा-सोळा पानांचा एक गठ्ठा घडी होऊन येतो, त्याला फर्मा म्हणतात आणि त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी त्याचा क्रमांक असतो, एवढं मला पाच वर्षांची असताना ठाऊक होतं. जुनी पुस्तकं तुम्ही उसवायचात, मी फर्मे क्रमाने लावायचे. लावता लावता वाचायचे. वाचनालयाची कादंबरी, कुणा शिक्षकाचे निबंध, वकिलांकडची राज्यकारभारावरची जाड पुस्तकं, सगळं एकाच चटईवर. तुमचे नियम तीन होते. हात धुवायचे. पान दुमडायचं नाही. आणि फर्मा ढिगातून उचलून दुसरीकडे न्यायचा नाही, जिथे आहे तिथेच बसून वाचायचा.

मी तेरा वर्षांची असेन. शिवण्याचं काम तुम्ही नुकतंच माझ्याकडे दिलं होतं. पेन्शनीतले सुभेदार वाड्या-वस्तीवरून घोड्यावर यायचे आणि कादंबऱ्या बांधायला द्यायचे, ते आठवतात ना? एक दिवस ते ओसरीच्या पायरीवर बसले आहेत, मांडीवर नवं बांधलेलं पुस्तक, आणि चेहऱ्यावर राग आहे की गंमत ते मला दारामागून कळत नाही.

"आवं मास्तर, ही बाई घागर घिऊन हिरीवर गेली. बराबर? म्होरलं पान उलटलं, तर जकात बसली की वो!"

तुम्ही पुस्तक हातात घेतलंत, चाळलंत. राजकारणाच्या पुस्तकाचा सातवा फर्मा कादंबरीत शिवला गेला होता. आकार सारखा, क्रमांक सारखा, कागदही तसाच पिवळा.

"चूक झाली, सुभेदारसाहेब. संध्याकाळपर्यंत उसवून देतो."

"द्या की. पर ती बाई हिरीतनं वर येईपत्तर मी काय करू? म्हून जकातीचंच वाचलं. लय इचार केलाय त्या मानसानं." सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "त्या जकातीचं म्होरं काय झालं, त्ये बुक कुनाचं हाय?"

ते गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. मला वाटलं होतं, आता शिवणं काढून घेणार. तुम्ही एवढंच विचारलंत, की शिवताना कळलं होतं का. कळलं होतं. शेवटच्या टाक्याला शंका आली होती आणि मी गप्प बसले होते. तुम्ही म्हणालात, "टाका चुकला तर सांगावं. उसवायला अर्धा तास लागतो." आवाज चढवला नव्हता. पण मी दोन दिवस तुमच्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात ती वही मिळाली. निरनिराळ्या पुस्तकांच्या शेवटची कोरी पानं जमवून बांधलेली, म्हणून अजूनही तिचं प्रत्येक पान वेगळ्या रंगाचं दिसतं. तुम्ही पट्टीने तीन रकाने आखून दिले होते: राजकारण, निबंध, साहित्य. "एक रकाना लांब होऊ लागला की दुसऱ्यातलं पुस्तक घे," म्हणालात. "आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंस तरच नाव लिहायचं. फर्मे वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं नव्हे." मी तो नियम इतका पाळला, की एका निबंधसंग्रहाची अर्पणपत्रिका वाचायची राहिली म्हणून त्याचं नाव खोडून, अर्पणपत्रिका वाचून, पुन्हा लिहिलं. वहीत ती खाडाखोड अजून आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. सत्तावन्नावी ओळ कळावी म्हणून सांगते आहे.

ते पुस्तक कराडच्या वकिलांचं होतं. राजकारणाचंच, बावीस फर्म्यांचं. तुम्हाला ताप येऊ लागला होता, तरी उन्हं आली की ओसरीवर येऊन बसायचात. मी पुस्तकाचा मधलाच भाग वाचला होता आणि शेवटी लेखक काय म्हणतो ते कळण्याची मला घाई झाली होती. आईने खळ ढवळायला बोलावलं. शेवटचा फर्मा मी उचलला आणि आत नेला. एका हातात पळी, दुसऱ्या हातात पानं. मग आईची चाहूल लागली, म्हणून तो फडताळाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला. नंतर परत ठेवू असं ठरवलं. त्या दुपारी तुम्हीच शिवायला घेतलंत.

तुम्ही मोजता आहात. एकदा, दोनदा. चटई उचलता, दाबाची फळी उचलता. "एक कमी आहे. शेवटचा." आई म्हणते, "ताप आहे, पुन्हा मोजा सावकाश." तुम्ही पुन्हा मोजता. मग म्हणता, "माझ्याच हातून गेला असणार. हल्ली लक्ष राहत नाही." मी दारात उभी आहे. हातात खळीचं पातेलं आहे. फडताळ माझ्या पाठीशी, चार पावलांवर.

तुम्ही पुस्तक एकवीस फर्म्यांचंच बांधलंत आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी डकवलीत. शेवटचा फर्मा माझ्या हातून गहाळ झाला, क्षमा असावी. खाली सही. वकिलांचा माणूस येऊन पुस्तक घेऊन गेला. पुढे अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. मामांनी आम्हाला सांगलीला आणलं, फळीवरचे कागद काढताना तो फर्मा मी पेटीत टाकला, आणि इथे आल्यावर तो वाचून वहीत सत्तावन्नावं नाव लिहिलं. मधली काही पानं आणि शेवटची सोळा, एवढंच वाचलं होतं. कुणी विचारणारं नव्हतं.

बेचाळीस साली वकील तुरुंगात गेले आणि त्यांच्या घरची पुस्तकं पोलिसांनी नेली असं ऐकलं, तेव्हा मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं होतं. आता ते पुस्तकच नाही, तर शेवट द्यायचा कुणाला? पण मोठ्या बाईंनी यादी मागितल्यावर चौकशी केली. वकील कराडातच आहेत. गेल्या रविवारी सकाळच्या मोटारीने मी तिकडे गेले.

त्यांनी मला ओळखलं नाही. तुमचं नाव सांगितल्यावर उठून कपाटापाशी गेले. काही पुस्तकं परत मिळाली होती, त्यांत ते होतं. त्यांनी मागचा पुठ्ठा उघडून चिठ्ठी दाखवली.

"हाताखालच्या पोरांना मी ही दाखवतो. म्हणतो, चूक कबूल करावी तर अशी. एक सबब नाही. ताप होता म्हणे, पण त्याचाही उल्लेख नाही बघा."

मी पिशवीतून फर्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरेच्चा! कुठं सापडला?"

"घरी. फळीवर होता."

"म्हणजे हरवला नव्हताच! अण्णांना उगीच लागून राहिलं असेल हो." मग हसून म्हणाले, "आठ वर्षं मी या लेखकाशी मनातल्या मनात वाद घालतोय. शेवटी तो माझ्या बाजूने निघाला तर पंचाईत आहे. बाई, तुम्हाला येतं का शिवायला?"

येतं, असं मी म्हणाले आणि पुस्तक घेऊन आले. या आठवड्यात ते पहिल्या पानापासून वाचलं, अर्पणपत्रिकेसकट. शेवटची सोळा पानं मला आठ वर्षं पाठ होती, पण आधीचं सगळं वाचल्यावर ती निराळीच लागली. लेखक तिथे ठासून काही सांगत नाही, आधी केलेली दोन विधानं मागे घेतो. वहीतली सत्तावन्नावी ओळ खोडली आणि तेच नाव आजच्या जागी, तीनशे बाराव्या ओळीवर, लिहिलं. मुलींच्या यादीतही घातलं आहे. राजकारणाच्या रकान्यात.

काल पुस्तकाची पाठ उसवून बाविसावा फर्मा शिवला. अर्धा तास नाही, दीड तास लागला. हाताला सवय राहिली नाही. तुमची चिठ्ठी आहे तिथेच आहे. ती काढावी असं एकदा वाटलं, आता ती खरी राहिली नाही म्हणून. पण ती तुमच्या हातची आहे. म्हणून तिच्याखाली मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली: फर्मा वडिलांच्या हातून गेला नाही, मी नेला होता आणि ते शोधत असताना सांगितलं नाही. खाली सही केली. उद्या पुस्तक कराडला पाठवायचं आहे. दौत समोर आहे, टाक धुऊन ठेवला आहे. पण अण्णा, ती ओळ मी पेन्सिलीने लिहिली आहे.