आधी छाती उघडा, मग अग्नी द्या

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, पूर्वीचा धंदा सूतगिरणीच्या पिंजण खात्यात मशीनवर, सध्याचा धंदा धापा टाकणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाला न जुमानता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दम लागला की थांबते, म्हणून अक्षर जागोजागी बदललेलं दिसेल. डोकं मात्र ठिकाणावर आहे.

१. राहत्या दोन खोल्या ह्यांच्या हयातीपर्यंत ह्यांच्या, नंतर लेकीच्या. हे शिंपी. घरीच शिवायचे, म्हणून स्वयंपाकही तेच करायचे. लग्न झाल्यापासून चुलीपुढे तेच बसले आणि मी पाळीवरून येऊन आयतं जेवले. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

२. गिरणीच्या डॉक्टरला मी काहीही ठेवत नाही. त्याने माझ्या कागदावर लिहिलं, ‘चुलीच्या धुराने फुप्फुसं निकामी.’ बायकांना तो चूल लिहितो, पुरुषांना तंबाखू. कापसाची धूळ त्याला शाळेत शिकवलीच नसावी. अहो, धुराने मरायचं तर आधी हे गेले असते! हे अजून जिना चढून येतात आणि वर गुणगुणतातही.

३. कानातली सोन्याची फुलं नणंदेला. तिने जन्मभर गल्लीत बोंब मारली, “आमच्या वहिनीने कधी चूल फुंकली नाही, माझ्या भावालाच बायको करून टाकलं.” हेच तिने आता कामगार अधिकाऱ्यापुढे सांगावं. खोटं काही बोलायचं नाही, फक्त मोठ्याने बोलायचं, आणि ते तिला उपजतच येतं. वन्सं, तुमच्या तोंडाने एकदा तरी माझं भलं होऊ द्या.

४. खात्याच्या साहेबाला मी गेल्यावर दारात उभं करू नये. बाहेरच्या गिऱ्हाइकांचे तपासनीस यायचे त्या दिवशी हा सकाळी तोंडाला बांधायच्या पट्ट्या वाटायचा, धूळ ओढणारे पंखे लावायचा. पाहुण्यांची पाठ फिरली की पट्ट्या परत, पंखे बंद. एरवी तंतू इतके उडायचे की समोरची बाई दिसायची नाही. आणि गाठींवर छापलेलं, ‘न्यायाने पिकवलेला, न्यायाने कातलेला कापूस’! संताप होतो नुसता.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक होती, तिला आम्ही उंचाबाई म्हणायचो. ती अशीच धापा टाकत गेली तेव्हा साहेबाने स्वतः गाडी आणली, फुलं आणली, लाकडांचे पैसे दिले. दुपारच्या आत सगळं आटोपलं. किती देवमाणूस, असं आम्हीच म्हणालो. पुढे तिच्या भावाने नुकसानभरपाई मागितली, तर म्हणाले, पुरावा दाखवा. राखेची तपासणी होत नाही.

५. म्हणून माझं शरीर आधी सरकारी दवाखान्यात न्यावं. छाती उघडून आत काय सापडतं ते लिहून घ्यावं, मगच अग्नी द्यावा. आमचे घरचे डॉक्टर म्हणतात, नक्की कळेलच असं नाही, पण न उघडता काहीच कळणार नाही. ह्यांचं काळीज मऊ आहे, ऐन वेळी पाय मागे घेतील. म्हणून अंमलबजावणी लेकीने करावी.

लेक म्हणाली, “आई, तुला फाडायला मी सही करू? माझ्या हाताने?”

हो, तुझ्याच हाताने. तू माझ्याच मशीनवर लागली आहेस. सुट्टीत छाती मोकळी होते आणि सोमवारी धूळ आत गेली की आवळते. माझंही असंच सुरू झालं होतं. तू नळ सोडून खोकतेस, ते मला ऐकू येतं गं. मी काही बोलत नाही, कारण मला भीती वाटते. माझ्या छातीतलं कागदावर आलं तर तुमच्या खात्यातले पंखे बंद ठेवणं त्यांना जड जाईल. नाही आलं तर तुझ्याही कागदावर चूलच लिहितील. रडायचं तर रड, पण आधी दवाखाना.

ठिकाण: राहतं घर.
दिनांक: ४ मार्च, सोमवार.

सही: लिहिणारी.

साक्षीदार:
१. गल्लीतला न्हावी. सही माझ्यासमोर झाली.
२. घरचे डॉक्टर. लिहिणारी शुद्धीवर आहे आणि चिडलेली आहे, दोन्ही मी तपासलं.

अंमलबजावणी करणारीची संमती: जागा मोकळी सोडली आहे. लेक पहिल्या पाळीला गेली आहे.