शिरोलीची ऑर्डर

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी बोलायचं तर आधी माझा पत्ता सांगावा लागेल. मी दुबईत असते, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर. तुमचे जावई रुवैसला एका प्लांटमध्ये आहेत, इथून गाडीने तीन तास. शुक्रवारी येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. या आठवड्यात दुरुस्तीसाठी प्लांटचा शटडाऊन आहे म्हणून आलेच नाहीत. तुमची नात हॉलंडला शिकते. फोनवर मी मराठीत विचारते, जेवलीस का. ती म्हणते, "येस आई, आय एट." मग पुढे काय विचारावं ते मला सुचत नाही. आज शनिवार आहे, भर दुपार. सकाळपासून घरात कुणाशी एक शब्द झालेला नाही, म्हणून इन्स्पेक्शन शीटच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहायला बसले.

जबल अलीला आमची पंपांची कंपनी आहे. तिथे मी क्वालिटी बघते. पंपाचं बाहेरचं बिडाचं कवच, ज्याला तुम्ही नुसतं 'नग' म्हणायचात, तेच रोज माझ्या टेबलावर येतं. तुम्ही शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होता, वाळूचे साचे भरायचात. संध्याकाळी घरी यायचात, आई बंबातलं पाणी बादलीत काढून ठेवायची, आणि कितीही आंघोळ केलीत तरी कानामागे काळी वाळू राहायचीच. मी नववीत असताना खंडेनवमीच्या पूजेला तुम्ही मला कारखान्यात नेलंत. सहा नग ओळीने मांडलेत आणि विचारलंत, "ह्यातला खराब कुठला, सांग." मी दिसायला खडबडीत होता तो दाखवला. तुम्ही त्याच्यावर हातोडी मारलीत, तो देवळातल्या घंटेसारखा वाजला. मग सगळ्यात गुळगुळीत होता त्याच्यावर मारलीत. बद्द आवाज आला. आत चीर होती. "नुसतं बघून पास करत्यात व्हय? वाजवून बघायला हात मोडला का तुझा?" सगळे कामगार हसले. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. घरी आल्यावर तुम्ही तुमच्या ताटातली पुरणपोळी उचलून माझ्या ताटात टाकलीत.

त्यानंतर दोन वर्षांत मालकांनी सगळ्यांना मैदानात बोलावून सांगितलं, की देशाने दारं उघडली आहेत, आता बाहेरचा माल येणार, सांभाळून राहा. तुम्ही चुलीपुढे बसून आईला ते सांगत होता. आई घाबरली. तुम्ही म्हणालात, "येऊ दे की. आपला बी जाईल." आणि गेला. पहिली पेटी जर्मनीला रवाना झाली त्या दिवशी बोटांना पेटीवरच्या अक्षरांचा काळा रंग लावूनच तुम्ही घरी आलात, तो धुवायलाही तयार नव्हतात. मला विचारलंत, "तिकडं कोण तरी आपल्या नगावर हात फिरवून बघत असंल, न्हवं?" त्याच वर्षी मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज तेव्हा कोल्हापुरात मिळत नव्हते, तर तुम्ही पुरुषांचे सगळ्यात लहान आणलेत आणि पुढे कापूस कोंबून दिलात. मी ते तीन वर्षं वापरले. जर्मनीची ऑर्डर वाढली तसं मोल्डिंगचं मशीन आलं, आणि तुम्हाला गेटवर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं. तुम्ही कधीच तक्रार केली नाहीत. फक्त इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जायला लागलात, आणि तिसऱ्या वर्षी गेलात.

आता जे घडलं ते सांगते. आमचे पंप युरोपात जातात. मागच्या वर्षी वरून हुकूम आला, की कवचासाठी दोन सप्लायर नकोत, एकच ठेवा. एक होती तुमची शिरोलीची फाउंड्री. दुसरी सर्बियातली. माझ्या शेजारच्या टेबलावर पर्चेसमध्ये एक सर्बियन बाई बसते, माझ्याच वयाची. तिचे वडीलही फाउंड्रीत होते. त्यांचा सरकारी कारखाना बंद पडला, पुढे परदेशी कंपनीने घेतला, तोच हा. ती एकदा चहा पिताना म्हणाली, "वीस वर्षं ऐकते, आमचा देश युरोपियन युनियनमध्ये जाणार. देश अजून बाहेरच्या बाकावर बसलाय. माणसं मात्र केव्हाच जर्मनीत गेली." पण त्या आशेपायी तिथल्या कारखान्याने सगळे कागद युरोपच्या नियमाने तयार ठेवले होते. भट्टीने वीज किती खाल्ली, धूर किती झाला, महिन्यामहिन्याची नोंद. शिरोलीकडे ती नव्हती. तिथले मॅनेजर फोनवर मला म्हणाले, "मॅडम, सहा महिने द्या, सगळं उभं करतो. तुमी आपल्या बाजूच्या, म्हणून बोलतोय." मी म्हणाले, मेल करते.

दोन्हीकडचे सहा सहा नग आले. माप घेतलं, एक्स-रे काढला, सगळे पास. लॅबमध्ये मी एकटीच होते, तेव्हा कपाटातली हातोडी काढून शिरोलीचे नग वाजवले. पाचवा बद्द वाजला. ही टेस्ट आमच्या शीटवर नाही, आप्पा. कुणी विचारलं नसतं. मी तो पुन्हा एक्स-रेला पाठवला, दुसऱ्या कोनातून, आणि बारीक चीर सापडली. रिपोर्टमध्ये लिहिली. सर्बियाचे नग मी वाजवलेच नाहीत. आपल्या गावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या भीतीने मी आपल्याच मालाला जास्त तपासलं. हे मला रिपोर्ट पाठवल्यावर कळलं असं म्हणू शकते, पण मला तेव्हाही कळत होतं. सहा महिन्यांचं काही मी लिहिलं नाही. मीटिंग दहा मिनिटांत संपली. इजिप्शियन बॉस हात झटकत म्हणाला, "खलास. सर्बिया." माझी सर्बियन मैत्रीण माझ्याकडे बघून हसली नाही, एवढं तिचं मोठेपण. तिने विचारलं, "तुझ्या गावचे होते ना?" मी म्हणाले, तिथून जवळचे.

शिरोलीत त्यानंतर रात्रपाळी बंद झाल्याचं ऐकलं. मी चौकशी केली नाही.

गेल्या बुधवारी सर्बियाच्या कारखान्याचं ऑडिट होतं, व्हिडिओवर. तिथला सुपरवायझर फोन हातात धरून शॉप फ्लोअर दाखवत फिरत होता. मोल्डिंगच्या लाइनवर चार माणसं जाड जाकिटं घालून काम करत होती. त्यातल्या एकाला मी इंग्रजीत विचारलं, वाळूतला ओलावा किती ठेवता. तो गोंधळला. सुपरवायझर म्हणाला, हा इंडियन आहे, आमची पोरं सगळी जर्मनीला गेली, म्हणून तुमच्याकडून माणसं आणतो. मी हिंदीत विचारलं. त्याने हिंदीत उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाक्याला मी हेल ओळखला. मी मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?"

पस्तिशीचा असेल. त्याने मास्क खाली ओढला. "कागलचा, मॅडम. आदी शिरोलीत हुतो, अकरा वर्सं. ह्याच नगाची ऑर्डर हुती तिकडं. ती निघाली, मग आमची पाळी बंद झाली. एजंटानं हिकडं आणलं." तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, बसचा मार्ग सांगावा तसं सांगत होता. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने हात वर करून थांबवलं. मराठी ऐकायला मिळाली म्हणून त्याला फोनपुढून हलवत नव्हतं. "थंडी लई हाय हितं. पर नग तोच हाय, त्येवढं बरं. हाताला सवय हाय."

मी विचारलं, घरी कोण असतं. बायको आणि मुलगी, मुलगी सहावीत. मी विचारलं, जेवणाचं काय करता. म्हणाला, आम्ही चौघं मिळून करतो, तांदूळ मिळतो, चटणी घरून येते. ऑडिटच्या शीटवर यातला एकही प्रश्न नव्हता. इकडे बॉसचा मेसेज आला, यल्ला, आटपा, वेळ होतोय. तुमची ऑर्डर गेली तो रिपोर्ट मी लिहिला, एवढं एक वाक्य त्याला सांगायला मला वेळ होता, आप्पा. मी मनात ते जुळवतही होते. तेवढ्यात त्यानेच विचारलं, "मॅडम, तुमी कुठल्या?"

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, पुण्याची. तिथे मी चार वर्षं नोकरी केली, तेवढाच त्यात खरेपणा.

तो हसला. "तरीच म्हटलं, किती शुद्ध बोलतासा." आणि मी त्याला थँक्यू म्हणाले.